गिगाहर्ट्झ किती, त्याआधी काम कोणतं?

अल थुमामा हा दोह्याच्या दक्षिणेकडचा, विमानतळाच्या बाजूचा रहिवासी भाग. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने इथल्या स्टेडियमवर झाले आणि हे नाव जगभर पोहोचलं. इथल्या भारतीय वस्तीत मराठी घरंही आहेत. कुणी तेल-वायू प्रकल्पावर अभियंता, कुणी बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन, कुणी रुग्णालयात परिचारिका, कुणी शाळेत शिक्षिका. मुलं सीबीएसईच्या शाळेत. मुलगी अकरावीत गेली, कॉम्प्युटर सायन्स घेतलं, की घरातल्या जुन्या लॅपटॉपकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मग एका संध्याकाळी सगळे डी-रिंग रोडवरच्या लुलूत नाहीतर सलवा रोडवरच्या जरीरच्या दुकानात जातात आणि ओळीने मांडलेल्या लॅपटॉपसमोर उभे राहतात.

प्रत्येकाखाली एक पाटी असते. एकीवर ‘आय-७, ५.० गिगाहर्ट्झ’, शेजारच्या पाटीवर ‘आय-५, ४.७ गिगाहर्ट्झ’. किंमत जवळपास सारखी. मग सरळ निष्कर्ष निघतो: सात पाचापेक्षा मोठा, पाच ४.७ पेक्षा मोठा, म्हणजे पहिलाच घ्यायचा. हा हिशेब चुकीचा ठरू शकतो. तो का चुकतो हे एकदा नीट समजून घेतलं, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, निवड आपल्या हातात राहते.

ठोका म्हणजे काय

प्रोसेसरच्या आत सगळं काम एका ठोक्यावर चालतं. दर ठोक्याला आतली सर्किटं एक पाऊल पुढे सरकतात. एका सेकंदात असे किती ठोके पडतात, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधलं अंतर पाव नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला, तेव्हा त्याचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झ होता. पाच गिगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या हजारपटीहून थोडं अधिक. यातली जवळपास सगळी वाढ पहिल्या तेवीस-चोवीस वर्षांतली आहे. २००४ मध्ये इंटेलचा पेन्टियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला होता. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२४ मध्ये आलेला इंटेलचा सर्वांत वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर ६.२ गिगाहर्ट्झवर गेला. वीस वर्षांत ठोका दुप्पटसुद्धा झाला नाही. तरीही आजचा साधा लॅपटॉप २००४ च्या त्या पेन्टियमला कितीतरी मागे टाकतो. ही प्रगती ठोक्यातून आली नसेल, तर ती आली कुठून?

दुफण आणि तिफण

पेरणी पाहिलेल्या माणसाला याचं उत्तर चटकन कळेल. बैलजोडी भरभर चालली म्हणून शेत लवकर पेरून होतंच असं नाही. औत कोणतं आहे तेही बघावं लागतं. दुफणीने एका फेरीत दोन ओळी पेरल्या जातात, तिफणीने तीन. बैल थोडे संथ चालले तरी तिफणवाला आधी शेत उरकू शकतो.

बैलांची चाल म्हणजे गिगाहर्ट्झ. फण किती, म्हणजे एका ठोक्यात प्रोसेसर सरासरी किती सूचना पार पाडतो. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका ठोक्याला सरासरी दोन सूचना उरकत असेल, तर सेकंदाला ८०० कोटी सूचना झाल्या. ३.२ गिगाहर्ट्झचा दुसरा प्रोसेसर ठोक्याला तीन उरकत असेल, तर ९६० कोटी झाल्या. पाटीवर पहिला पुढे, कामात दुसरा पुढे.

संगणकशास्त्र हे तीन गोष्टींच्या गुणाकारात मांडतं: एखाद्या कामाला एकूण सूचना किती लागतात, एका सूचनेला सरासरी ठोके किती लागतात आणि एका ठोक्याला वेळ किती लागतो. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे काम संपायला लागणारा वेळ. गिगाहर्ट्झचा आकडा यातल्या फक्त शेवटच्या गोष्टीबद्दल बोलतो. उरलेल्या दोन गोष्टी प्रोसेसरची रचना आणि सॉफ्टवेअर ठरवतात.

ठोक्याच्या शर्यतीचा शेवट

हा धडा खुद्द प्रोसेसर बनवणाऱ्यांनाही महागात पडून मिळाला. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेन्टियम ४ आणला. ठोका वाढवता यावा म्हणून त्यात सूचनेचं काम वीस छोट्या टप्प्यांत वाटलं होतं. टप्पा जितका छोटा, तितका तो लवकर संपतो आणि ठोका जलद ठेवता येतो. पण प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ असे फाटे असतात. पुढचा फाटा कोणता, याचा अंदाज बांधून प्रोसेसर काम पुढे ढकलत राहतो. अंदाज चुकला की टप्प्यांमध्ये भरलेलं सगळं काम टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते. टप्पे जितके जास्त, तितका हा तोटा मोठा. २००४ च्या आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले.

दुसरी अडचण उष्णतेची. चिपला लागणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. ठोका वाढवायचा तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. अखेर ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ रद्द केला.

त्याच सुमारास इंटेलच्याच इस्रायलमधल्या चमूने लॅपटॉपसाठी बनवलेला पेन्टियम एम, पेन्टियम ४ पेक्षा बऱ्याच कमी ठोक्यावर चालूनही त्याच्या बरोबरीचं काम करत होता. प्रतिस्पर्धी एएमडीने तर २००१ मध्येच गिगाहर्ट्झ सांगणं बाजूला ठेवून आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ‘१८००+’ असं नाव दिलं होतं. २००६ मध्ये इंटेलचा कोअर २ ड्युओ आला. ३ गिगाहर्ट्झच्या आतल्या ठोक्यावर चालून त्याने ३.८ चा पेन्टियम ४ मागे टाकला. आकडा कमी झाला आणि काम वाढलं.

पुण्याचा ‘परम’

कमी ठोक्यातून मोठं काम काढण्याचं एक ठळक उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे वाय-एमपी हा महासंगणक मिळू शकला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली देशी महासंगणकाचं काम सुरू झालं. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

क्रे वाय-एमपीचा ठोका सुमारे १६७ मेगाहर्ट्झचा होता. परममध्ये वापरलेल्या इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर या चिपचा ठोका २० ते ३० मेगाहर्ट्झच्या घरात. एकट्या चिपने क्रेशी बरोबरी करणं शक्यच नव्हतं. म्हणून पुण्याच्या चमूने अनेक चिप एकमेकींना जोडल्या आणि काम वाटून दिलं. आज आपल्या लॅपटॉपच्या पाटीवर ‘८ कोअर’, ‘१० कोअर’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच चिपमध्ये तेवढे स्वतंत्र प्रोसेसर; त्यामागे काम वाटून घेण्याचा हाच विचार आहे.

परमने आणखी एक गोष्ट शिकवली. २५६ चिपच्या रचनेची कागदावरची कमाल क्षमता सेकंदाला १०० कोटी गणितं इतकी होती. प्रत्यक्ष चालू कामात सातत्याने मिळायची ती १० ते २० कोटी. हा दोष परमचा एकट्याचा नाही. काम वाटून घेणाऱ्या प्रत्येक यंत्रात असा फरक पडतो, कारण कामाचा काही भाग वाटता येत नाही आणि चिपना एकमेकींशी बोलण्यात वेळ जातो. यातली पहिली मर्यादा संगणक अभियंता जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडली. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर आठ कोअर लावून ते आठपट नाही, सुमारे सव्वातीनपट वेगाने होतं. कितीही कोअर लावले तरी पाचपटीच्या पुढे जाता येत नाही.

त्या दोन पाट्या

आता दुकानातल्या त्या दोन लॅपटॉपकडे येऊ. समजा, पहिल्यात कोअर आय-७ १३५५यू आहे आणि दुसऱ्यात कोअर आय-५ १३५००एच. दोन्ही इंटेलच्या तेराव्या पिढीतले, दोन्ही २०२३ चे.

पहिल्यात दहा कोअर आहेत: दोन ताकदीचे आणि आठ कमी विजेवर चालणारे. दुसऱ्यात बारा: चार ताकदीचे आणि आठ छोटे. पाटीवरचा ५.० हा आकडा पहिल्यातल्या ताकदीच्या कोअरचा कमाल ठोका आहे, आणि तो थोडाच वेळ टिकतो. या चिपला इंटेलने ठरवलेली मूळ वीज १५ वॉट आहे. थोड्या वेळापुरती ती ५५ वॉटपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्याची मूळ वीज ४५ वॉट आणि कमाल ९५. नावाच्या शेवटी असलेलं ‘यू’ किंवा ‘एच’ हे अक्षर हाच फरक सांगतं. ब्राउझर उघडणं, वर्डमध्ये लिहिणं अशा क्षणिक कामात दोघांत फरक जाणवणार नाही. पण अर्धा तास व्हिडिओ तयार करायचा असेल किंवा मोठं त्रिमितीय मॉडेल चालवायचं असेल, तर ४.७ वाला आय-५ सरळ पुढे जातो, कारण त्याला जास्त वीज घ्यायची आणि जास्त उष्णता बाहेर टाकायची मुभा आहे. उलट दिवसभर बॅटरीवर चालणारा हलका लॅपटॉप हवा असेल, तर आय-७ यू हीच बरोबर निवड. ‘आय-७’ म्हणजे ‘आय-५’ पेक्षा वरचा, हा नियम एकाच पिढीत आणि एकाच अक्षराच्या गटातच धरावा.

हे दुकानातच पाहता येतं. मांडलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. पाटीवर ५.० लिहिलेल्या या आय-७ मध्ये ‘बेस स्पीड’ समोर १.७० दिसेल. तोच त्याचा मूळ ठोका. त्याच्या शेजारी चालू क्षणाचा ठोका सतत वरखाली होताना दिसतो. कोअर किती तेही तिथेच दिसतं. मग मेमरीवर जा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘२ पैकी १’ दिसलं, तर रॅम पुढे वाढवता येईल. हे करायला परवानगी मागितली तर बहुतेक दुकानदार हरकत घेत नाहीत.

नाव नवं, आतला भाग जुना

पिढी ओळखणंही महत्त्वाचं. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या नावांत एका आकड्याचा फरक दिसतो. कमाल ठोकाही जवळचा: ४.३ आणि ४.५. पण या मालिकेच्या नावातला तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. पहिल्यात २०१९ ची झेन २ रचना आणि चार कोअर, दुसऱ्यात २०२० ची झेन ३ आणि सहा कोअर. झेन ३ एका ठोक्यात झेन २ पेक्षा सरासरी १९ टक्के जास्त काम करते, असं एएमडीनेच सांगितलं आहे. म्हणजे दुसऱ्यात औताला फणही जास्त आणि औतंही, म्हणजे कोअरही, जास्त.

ठोका हा निकष किती अपुरा आहे, हे विंडोज ११ च्या अटींमधून सर्वांत स्पष्ट होतं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक घरांत नवा संगणक घ्यायची वेळ आली. विंडोज ११ ला ठोका १ गिगाहर्ट्झ आणि दोन कोअर असले तरी चालतं, पण प्रोसेसर मान्य यादीतला लागतो. आणि २०१७ चा ४.२ गिगाहर्ट्झचा आय-७ ७७००के मायक्रोसॉफ्टच्या या यादीत नाही, पण त्याहून कितीतरी कमी ठोक्याचे नंतरचे स्वस्त प्रोसेसर आहेत. म्हणून दोह्यात वापरलेला लॅपटॉप विकत घेताना पिढी आधी विचारा, गिगाहर्ट्झ नंतर.

प्रोसेसर वाट पाहत बसतो

घरच्या संगणकाचा संथपणा बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नसतोच. हवी ती माहिती प्रोसेसरच्या पोटातल्या सर्वांत जवळच्या कॅशेत, म्हणजे छोट्या साठ्यात, सापडली, तर चार-पाच ठोक्यांत मिळते. ती रॅममधून आणावी लागली, तर ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३०० हून अधिक ठोके जातात. रॅम अपुरी पडली आणि डिस्ककडे जावं लागलं, तर फार मोठी वाट पाहावी लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. तेवढ्यात प्रोसेसरचे चार कोटींहून अधिक ठोके नुसतेच निघून जातात. एसएसडीला हेच काम साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात जमतं.

म्हणून पैसे मर्यादित असतील तर वरच्या दर्जाचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम घेण्यापेक्षा मधला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम घ्यावी. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. तिथे घेतानाच पुरेशी घ्यावी लागते. आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून पाहा. लहान भावंडाच्या अभ्यासाला तो आणखी काही वर्षं चालेल.

आपल्या कामाला काय हवं

अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन शिकवतात. त्याला अलीकडच्या पिढीतला मधला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी भरपूर झाली. ऑटोकॅड आणि रेव्हिटची बरीच कामं एकाच कोअरवर चालतात. इथे ठोक्याला खरोखर महत्त्व आहे, पण एकाच पिढीतले प्रोसेसर तोलताना. चोवीस कोअर घेऊन ड्राफ्ट्समनचा फायदा होत नाही, एक कोअर ताकदीचा असला की होतो. त्याउलट व्हिडिओचं काम अनेक कोअरवर छान वाटलं जातं. अॅपलचे प्रोसेसर कमी विजेत उत्तम काम करतात. २०२० च्या एम१ चा ठोका ३.२ गिगाहर्ट्झच होता, तरी त्याने त्या वेळचे जास्त ठोक्याचे अनेक लॅपटॉप मागे टाकले. पण रेव्हिट फक्त विंडोजसाठी बनतं. अभियंत्याने मॅक घेण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरची यादी तपासलीच पाहिजे.

कतारच्या हवेचाही विचार हवा. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अॅपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरा आणि बंद असतानाही ४५ अंशांपर्यंतच ठेवा, असं सांगते. दुपारी पार्किंगमधल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, म्हणून लॅपटॉप गाडीत ठेवू नका. चिप साधारण १०० अंशांना पोहोचली की प्रोसेसर स्वतःच ठोका कमी करतो. वाळूची बारीक धूळ पंख्याच्या जाळीत बसली किंवा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला, तर पाच गिगाहर्ट्झच्या यंत्रातून दोन गिगाहर्ट्झचंच काम मिळू शकतं. जाळी मोठी आणि साफ करता येण्याजोगी आहे का, हे विकत घेतानाच उलटून पाहा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टीही विचाराव्यात. वॉरंटी फक्त कतारपुरती आहे की भारतातही चालेल? अनेक कुटुंबं चार-पाच वर्षांत पुण्या-मुंबईला परततात. आणि कीबोर्डवर अरबी अक्षरं असली तर काळजी नको. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सुरू करून त्याच बटणांवरून मराठी लिहिता येतं.

दुकानात जाण्याआधी घरी बसून रोजची तीन मुख्य कामं कागदावर लिहा. त्यांना लागणारी सॉफ्टवेअर लिहा. मग रॅम आणि एसएसडी ठरवा, त्यानंतर प्रोसेसरची पिढी आणि शेवटचं अक्षर बघा, आणि दोन लॅपटॉप अगदी बरोबरीचे उरले तरच गिगाहर्ट्झकडे वळा. निवड झालेल्या प्रोसेसरच्या सिनेबेंच किंवा गीकबेंचच्या चाचण्या बघताना एका कोअरचा आणि सगळ्या कोअरचा असे दोन्ही आकडे पाहा.

आणि नवा लॅपटॉप घरी आला की मुलीला एक काम द्या. पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून एक ते एक कोटीपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करायला लावा, आणि ती जुन्या यंत्रावर किती सेकंदांत होते, नव्यावर किती सेकंदांत, हे तिला मोजू द्या. कामगिरी म्हणजे हेच: ठरावीक कामाला लागलेला वेळ. तो स्वतः मोजायला शिकलेल्या मुलीला पुढच्या खरेदीत कुठल्याही पाटीवर विसंबून राहावं लागणार नाही.